भरतीला की ओहोटीला

वाशीला, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, एसी एवढा
की पदर दोनदा लपेटून घेतला.
टेबलावर काचेखाली समुद्र ठेवला होता,
निळा, घट्ट, लाटा जागच्या जागी थिजलेल्या.
काठाला बोटाएवढे माड,
माडाखाली खुर्च्या, खुर्चीत माणूस नाही.

"माडवेळ, मॅडम. पुढचं मोठं डेस्टिनेशन."
पोरगा चांगला होता. श्रेयांश, छातीवर पट्टी.
हायवे झाला की पाच वर्षांत दुप्पट, म्हणाला,
आणि तोवर भाडं,
तुम्ही नेरूळला बसा, पैसे खात्यात.
"बीच किती लांब?"
"चालत चार मिनिटं."
"भरतीला की ओहोटीला?"

तो हसला. मग माझ्याकडे नीट पाहिलं.
मग टॅबमध्ये शोधू लागला,
जसं काही तिथे लिहिलेलं असेल.

मी करावेची. पोशा तांडेलची थोरली.
आमच्या अंगणापासून खाडी किती लांब
हे तिथीवर होतं.
अष्टमीला हाक मारली तरी यायची नाही,
अमावस्येला चुलीशी येऊन बसायची.
बाप आगराचा बांध चिखलाने बुजवायचा
कंबरभर पाण्यात, मध्यरात्री,
कंदिलाची कडी दातात धरून,
आणि सकाळी त्याच बांधावरून मी शाळेला,
पायाशी निवट्या उड्या मारत.

मग साहेब आला नकाशा घेऊन.
त्यात खाडी निळी होती आणि आम्ही आकडा.
दर काय मिळाला, बाप कधी बोलला नाही.
मीठ मात्र त्या वर्षी पहिल्यांदा दुकानातून आलं.
त्याने पिशवी फोडली, बोटाने चाखलं,
म्हणाला, चांगलंय. पांढरं आहे.

गरीब नाही हो मी, खोटं कशाला बोलू.
साडेबारा टक्क्यांचा तुकडा उशिरा का होईना मिळाला,
त्यावर बिल्डिंग उभी राहिली, दोन फ्लॅट माझ्या नावावर,
त्यातला एक परवाच विकला.
प्रणिल म्हणतो, आई, एफडीत पैसा कुजतो.
पोराचं चुकत नाही.
हे पैसे त्याच चिखलाचे,
त्यांना समुद्राकाठी जाऊ दे, असं मलाही वाटलं होतं.

"यात गाव कुठाय?"
"कुठलं गाव, मॅडम?"
"माडवेळ."
त्याने काचेवरून बोट फिरवलं,
क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव, योगा डेक.
"गाव या फेजमध्ये नाही."

सातबारा मागितला. झेरॉक्स आली, फिकट.
मला वाचता येतो तो, आमच्याकडे पोरींनाही येतो.
भागीरथी रामा तारी व इतर नऊ.
सगळे कंसात.
कंसात घातलेलं नाव म्हणजे उठलेलं नाव,
हे श्रेयांशला ठाऊक नव्हतं.
त्याला वाटलं, कंस म्हणजे जास्तीची माहिती.

आज टोकन भरलं तर मॉड्युलर किचन फुकट.
चेकबुक काढलं. रक्कम लिहिली, अक्षरीही लिहिली.
सही करताना पेन थांबलं, बंद नाही पडलं, थांबलं.

"साइट दाखवायची गाडी कधी असते?"
"दर रविवारी, मॅडम. नाश्ता आमच्याकडून."
"रविवारी नको.
पौर्णिमेला ने, दुपारी बाराच्या पुढे,
पाणी पूर्ण भरेल तेव्हा.
मला त्या जागेवर उभं राहायचंय,
चपला काढून.
आणि ही भागीरथीबाई आता कुठे राहते
तेवढं शोधून ठेव, मी चहाला जाईन तिच्याकडे."

त्याने मान हलवली. टॅबवर फॉर्म उघडला.
तारखेचा रकाना होता, तिथीचा नव्हता.
बराच वेळ बोट तसंच अधांतरी.
मग खाली, शेरा लिहायच्या जागी,
जपून, एकेक अक्षर दाबत त्याने टाइप केलं:
सी व्ह्यू हवा.